बंदूक गेली, लवाजमा राहिला

१९०९ साली नैरोबीत शिकारीचा परवाना ५० पौंडांना मिळत असे. तिथल्या चलनात सांगायचं तर ७५० रुपयांना. होय, रुपयांनाच. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत त्या काळी रुपयाच चाले. या परवान्यावर दोन रानरेडे, दोन पाणघोडे, २२ झेब्रे आणि त्याखाली हरणांच्या जातींची लांबलचक यादी, प्रत्येकीपुढे तिचा आकडा. सिंह आणि बिबट्या यांच्यापुढे मात्र आकडाच नव्हता. गुरं मारतात म्हणून ते उपद्रवी प्राण्यांत जमा होते. जितके माराल तितके सरकारला हवेच होते. आज केनियातल्या मसाई मारात भल्या पहाटे उठून, अंगावर ब्लँकेट ओढून, उघड्या छपराच्या गाडीत उभी राहिलेली माणसं ज्याच्या एका जांभईसाठी तासभर ताटकळतात, तो सिंह तेव्हा परवान्यासोबत फुकट मिळायचा.

बंदुकीच्या जागी कॅमेरा आला ही हकिकत बहुतेक वेळा माणूस शहाणा झाला अशा थाटात सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. तंबू, गाइड, स्वयंपाकी, पहाटेची फेरी आणि उन्हं उतरल्यावरची फेरी, शेकोटीभोवतीचा ग्लास, इतकंच काय, कोणते प्राणी ‘बघितलेच पाहिजेत’ ही यादीसुद्धा शिकाऱ्यांनी बसवून दिलेली आहे. आणि ज्या निर्मनुष्य माळाचे फोटो घरी आणले जातात, तो माळ निर्मनुष्य कसा झाला हे फोटोत दिसत नाही.

त्या वर्षीच्या परवानेवाल्यांत सगळ्यांत बडं नाव थिओडोर रूझवेल्ट यांचं. मार्चमध्ये अमेरिकेचं अध्यक्षपद सोडलं आणि एप्रिलमध्ये ते मुलगा करमिट याच्यासह मोंबासाला उतरले. मोहीम स्मिथसोनियन संस्थेच्या नावानं होती, म्हणजे मारायचं ते संग्रहालयासाठी. कातडी टिकवायला चार टन मीठ घेतलं होतं. सामान वाहायला अडीचशेच्या आसपास हमाल. रूझवेल्टांना वाचनाचं वेड; त्यांनी साठेक पुस्तकं डुकराच्या कातड्यात बांधून घेतली होती, रक्त-घाम-धूळ पुसून काढता यावी म्हणून. त्या पेटीचं वजन एका हमालाच्या ओझ्याइतकं भरत होतं. थोडक्यात, एक माणूस पूर्व आफ्रिकेच्या उन्हात महिनोन्‌महिने दुसऱ्याचा शेक्सपिअर वाहत चालत होता. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली, त्यांत १७ सिंह, ११ हत्ती आणि २० गेंडे.

या स्वारीची व्यवस्था नैरोबीच्या ‘न्यूलँड अँड टार्लटन’ या कंपनीकडे होती. मालक दोघे ऑस्ट्रेलियन. गिऱ्हाइकानं बोटीतून उतरायचं, बाकी सगळं कंपनी बघायची: हमाल, स्वयंपाकी, बंदूक धरणारे, पहारेकरी, तंबू, दारू, आणि शेवटी कातडी वाळवून घरपोच पाठवणं. हल्ली टूर कंपन्यांच्या जाहिरातीत ‘सर्व खर्च समाविष्ट’ असं जे लिहिलेलं असतं, त्याचं मूळ शोधायचं तर या दुकानात शोधावं.

पण या दोघांनीही शून्यातून काही उभं केलं नव्हतं. आयता तयार होता तो झांझिबारच्या व्यापाऱ्यांचा काफिला. एकोणिसाव्या शतकात हस्तिदंत आणि गुलाम यांच्या शोधात शेकडो माणसांचे तांडे किनाऱ्यावरच्या बागामोयोहून आत जात आणि महिन्यांनी परतत. माश्यांच्या रोगामुळे घोडे-बैल तिकडे टिकत नसत, म्हणून सगळा माल माणसाच्या डोक्यावर किंवा खांद्यावर; एकेकाचं ओझं सत्तावीस ते तीस किलो. न्यामवेझी जमातीचे लोक यात मुरलेले होते. हमाली हा त्यांच्या तरुणांचा मानाचा धंदा होता. काफिल्यांना भांडवल पुरवायचे ते झांझिबारमधले कच्छी व्यापारी, आणि हस्तिदंताचा मोठा हिस्सा जायचा मुंबईला. तिथून तो कच्छ-काठियावाडच्या नववधूंच्या हातात चुडा होऊन पोचायचा. युरोपातले संशोधक आले तेव्हा त्यांनी हीच माणसं, हेच रस्ते, हीच ओझ्याची मापं उचलली.

या माणसांपैकी थोड्यांचीच नावं उरली आहेत, आणि त्यांतल्या काहींचा धागा थेट आपल्याकडे येतो. सिदी मुबारक बॉम्बे याला लहानपणी पकडून पश्चिम भारतात विकलं होतं. मालक वारल्यावर सुटका झाली, तो आफ्रिकेत परतला आणि बर्टन, स्पीक, स्टॅनली अशा एकामागून एक साहेबांचे काफिले त्यानं चालवले. दुसरा जेकब वेनराइट. इंग्रजी आरमारानं गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी मिशनऱ्यांनी नाशिकजवळ शरणपूरला आश्रम चालवला होता, तिथे तो शिकला. १८७३ मध्ये संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले. चुमा आणि सुसी या दोघांच्या पुढारपणाखाली त्यांच्या माणसांनी तो देह मीठ लावून, उन्हात वाळवून, हजारभर मैल चालत किनाऱ्यावर आणला. वेनराइट त्यांत होता. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत लंडनच्या मातब्बरांबरोबर हा नाशिकचा विद्यार्थीही उभा होता. इंग्रजी पुस्तकांत या मंडळींना ‘नासिक बॉइज’ म्हणतात. नाशकात मात्र ही नावं फारशी कुणाच्या कानांवर नाहीत.

आता त्या रिकाम्या माळाकडे वळू. १८८७ मध्ये इटलीच्या फौजेनं आजच्या इरिट्रियात आणलेल्या गुरांबरोबर बुळकांड्या रोग आला. ती गुरं भारतातून आणलेली होती असं मानलं जातं. दहा वर्षांत हा रोग खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत गेला. कितीतरी भागांत दहापैकी नऊ गुरं मेली. गुरांवर जगणाऱ्या मसाईंची वाताहत झाली. पाठोपाठ देवी आली, दुष्काळ पडला. गुरं नाहीत म्हणून चराई नाही, चराई नाही म्हणून गवताच्या जागी झुडपं, झुडपांत त्याच रोगाच्या माश्या, आणि माश्या आहेत म्हणून माणूस परत यायला धजावत नाही. नेमक्या या काळात गोऱ्यांच्या तुकड्या आत शिरल्या आणि त्यांना दिसला तो ‘सृष्टीच्या आरंभापासून अस्पर्श’ असा आफ्रिका. प्रत्यक्षात तो साथीतून नुकताच उठलेला मुलूख होता. पुढची सत्तर वर्षं राष्ट्रीय उद्यानांच्या सीमा या दृश्यावर भरवसा ठेवून आखल्या गेल्या, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कायद्यानं उरलेलं काम केलं. १९०४ च्या करारानं मसाईंना रिफ्ट खोऱ्यातून काढून लाइकिपियाला आणि दक्षिणेला धाडलं. लाइकिपियाचीही जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना हवी झाली तेव्हा १९११ मध्ये दुसरा करार करून तिथल्या मसाईंनाही दक्षिणेकडे हाकललं. मसाई कोर्टात गेले. १९१३ मध्ये कोर्टानं सांगितलं की हा दोन सत्तांमधला तह आहे, आम्हाला त्यात पडता येत नाही.

आतल्या मुलखात हौशी माणसं पोचली ती रेल्वेमुळे. मोंबासाहून १८९६ मध्ये सुरू झालेला लोहमार्ग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला भिडला. तो बांधायला भारतातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते, बहुतेक पंजाबकडचे; त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. १८९८ मध्ये त्सावो नदीवरच्या पुलाच्या कामावर आयाळ नसलेल्या दोन सिंहांनी महिनोन्‌महिने दहशत बसवली. तंबूंतून माणसं उचलून नेली जात. इंजिनिअर पॅटरसन यांनी दोघांना अखेर डिसेंबरात मारलं, त्यावर गाजलेलं पुस्तक लिहिलं आणि पुढे कातडी शिकागोच्या फील्ड म्युझियमला पाच हजार डॉलरना विकली. बळींचा आकडा ते १३५ पर्यंत चढवत गेले; कातडी आणि हाडं तपासून २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी काढलेला अंदाज ३५ च्या आसपासचा आहे. मेलेल्या बहुतेक मजुरांची नावं कुणाला सांगता येणार नाहीत. सिंह अजून काचेआड आहेत.

रेल्वे सुरू झाल्यावर तीच पहिली सफारी गाडी ठरली. इंजिनाच्या तोंडाशी, गुरं बाजूला सारणाऱ्या जाळीवर एक बाक बसवत आणि बड्या पाहुण्यांना त्यावर बसवून अथी मैदानातून नेत. रूझवेल्ट त्या बाकावर बसले, त्याआधी दोन वर्षं विन्स्टन चर्चिल. डावी-उजवीकडे झेब्रे आणि हरणांचे कळप. झेब्र्यांचं तिथे इतकं पीक होतं की नैरोबीतले गोव्याचे डॉक्टर रोझेंदो आयरेस रिबेरो माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून पेशंट तपासायला जात. त्यांचा तो फोटो आजही छापला जातो, आणि फोटोत झेब्रा डॉक्टरांपेक्षा जास्त गंभीर दिसतो.

कॅमेराही त्याच सुमाराला आला, पण बंदुकीचा हात धरून. जर्मन पूर्व आफ्रिकेत कार्ल गेओर्ग शिलिंग्स यांनी रात्री फ्लॅश उडवून सिंहांचे फोटो काढले. १९०५ च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच फ्लॅश आणि रायफल शेजारी शेजारी आहेत. सिंह यावा म्हणून जिवंत जनावर बांधून ठेवायचं, त्यानं झेप घेतली की तार ओढली जाऊन उजेड पडायचा. मार्टिन आणि ओसा जॉन्सन या अमेरिकन जोडप्यानं १९२४ पासून मार्सबिटच्या डोंगरात तळ्याकाठी चार वर्षं घर थाटलं आणि १९२८ मध्ये ‘सिंबा’ हा चित्रपट दाखवला. तिसाच्या दशकात त्यांनी दोन विमानं आणली, एक झेब्र्याच्या पट्ट्यांचं, दुसरं जिराफाच्या ठिपक्यांचं. आज सफारीच्या गाड्यांवरही असे पट्टे दिसतात.

मोटार आली आणि शिकारीचं शिकारपण गेलं. विसाच्या दशकात सेरेंगेटीच्या सपाटीवर गाडीतून उतरायचीही तसदी न घेता माणसं दिवसाला डझनाच्या हिशेबानं सिंह मारू लागली. डेनिस फिंच हॅटन स्वतः धंदेवाईक शिकारी. कॅरन ब्लिक्सन यांच्या पुस्तकामुळे आणि पुढे चित्रपटामुळे तो जगाला ठाऊक आहे. १९२९ मध्ये त्यानं लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून या कत्तलीचे वाभाडे काढले. इंग्लंडच्या युवराजाला त्यानं दोनदा सफारीवर नेलं, आणि युवराजाला बंदुकीपेक्षा सिनेकॅमेऱ्याची गोडी लागली. राजपुत्र फोटो काढतो म्हटल्यावर फोटो काढणं कमीपणाचं राहिलं नाही. प्राण्यांबद्दलच्या कळवळ्याइतकाच हातभार या प्रतिष्ठेचाही लागला असावा.

याच काळात मचाण आलं. न्येरीजवळ आबरडेर डोंगराच्या जंगलात एरिक शर्ब्रुक वॉकर यांनी १९३२ मध्ये एका प्रचंड वडासारख्या झाडावर खोल्या बांधल्या, नाव ‘ट्रीटॉप्स’. खाली पाणवठा, वर पाहुणे, रात्रभर बघत बसायचं. ५ फेब्रुवारी १९५२ च्या रात्री तिथे राजकन्या एलिझाबेथ मुक्कामाला होती आणि तिच्या सोबतीला होते जिम कॉर्बेट, आपल्याला कुमाऊंच्या नरभक्षकांमुळे माहीत असलेले. स्वातंत्र्यानंतर ते बहिणीसह नैनीतालचं घर विकून न्येरीला स्थायिक झाले होते. भारतात असतानाच त्यांनीही रायफल बाजूला ठेवून सिनेकॅमेरा उचलला होता. त्या रात्री मात्र ते बंदूक घेऊन शिडीशी पहाऱ्याला बसले. इंग्लंडमध्ये राजा वारला आणि झाडावर चढलेली राजकन्या उतरली ती राणी होऊन. दोनच वर्षांनी ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या किकुयू जमातीच्या माऊ माऊ बंडखोरांनी ट्रीटॉप्स जाळलं. ज्या डोंगरातून किकुयूंना जमिनी सोडाव्या लागल्या होत्या, तिथल्या मचाणाकडे ते कशा नजरेनं बघत असतील याचा विचार पाहुण्यांच्या वहीत सापडत नाही.

राष्ट्रीय उद्यानांमागचा खटपट्या माणूस मर्विन काऊई. केनियातच जन्मलेला, पेशानं हिशेबनीस. प्राणी वाचवा म्हणून कितीही कंठशोष केला तरी कुणी ढिम्म हलेना, तेव्हा यानं ‘जुना वसाहतवाला’ अशा टोपणनावानं वर्तमानपत्रात पत्र धाडलं: हे सगळे रानटी प्राणी एकदाचे मारून टाका. लोक खवळले, पत्रांचा पाऊस पडला आणि काऊईला हवी होती ती चळवळ उभी राहिली. डिसेंबर १९४६ मध्ये नैरोबी राष्ट्रीय उद्यान उघडलं, १९४८ मध्ये त्सावो. त्सावोच्या हद्दीत वाटा जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या लांब धनुष्यानं हत्ती मारत आले होते. १९५६-५७ च्या मोहिमेत त्यांना चोरटे शिकारी म्हणून धरून तुरुंगात टाकलं. पैसे भरून रायफलनं हत्ती मारणाऱ्याला त्या वर्षीही खिलाडू म्हणत.

सेरेंगेटीची कथा याहून ताणलेली आहे. १९५१ मध्ये उद्यान झालं तेव्हा मसाईंना आत राहू देऊ असं ठरलं होतं. जर्मनीतून फ्रँकफर्ट प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्रझिमेक आपला मुलगा मिखाएल याच्यासह आले, झेब्रापट्ट्यांच्या छोट्या विमानातून त्यांनी जनावरं मोजली. साडेतीन लाखांहून जास्त भरली. जानेवारी १९५९ मध्ये विमानाला गिधाड धडकलं आणि मिखाएल गेला. ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ हा त्यांचा चित्रपट ऑस्कर घेऊन गेला. ग्रझिमेक यांचं मत स्वच्छ होतं: उद्यानात माणूस नको, तिथला मूळचाही नको. त्याच १९५९ मध्ये सेरेंगेटीतल्या मसाईंना बाहेर काढलं, त्यांना शेजारच्या गोरोंगोरोचा भाग दिला. पर्यटकांचा लोंढाही बऱ्याच अंशी ग्रझिमेक यांनीच आणला. जर्मन टीव्हीवरच्या आपल्या कार्यक्रमात त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या स्वस्त सहलींची घोषणा करून टाकली. तशी सहल तेव्हा कुणीच काढत नव्हतं! लोकांनी ट्रॅव्हल एजंटांची दारं ठोठावली आणि एजंटांना सहली काढाव्या लागल्या.

केनियानं मे १९७७ मध्ये शिकार पूर्ण बंद केली. परवानेवाले शिकारी एका रात्रीत बेकार झाले. त्यांतले कितीतरी फोटो सफारीचे गाइड बनले, कारण ठसे, वारा, पाणवठे हे ज्ञान दोन्हीकडे सारखंच लागतं. त्यांच्याबरोबर त्यांची भाषाही आली. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा यांना ‘बिग फाइव्ह’ म्हणतात ते त्यांच्या आकारामुळे नव्हे. पायी शिकार करताना हेच पाच उलटून जीव घेण्याची भीती सर्वांत जास्त. म्हणून जिराफ त्यात नाही, पाणघोडा नाही, चित्ता नाही. बिचारा जिराफ अठरा फूट उंच असून या यादीत बसत नाही, आणि चौथ्या दिवशी गेंड्यासाठी हटून बसलेला पाहुणा समोरच्या चित्त्याकडे धड बघत नाही, हे गाइड लोक हसून सांगतात. शिकाऱ्याच्या चार खिशांच्या जॅकेटानं तर याहून लांबची मजल मारली. काडतुसांसाठीचे ते खिसे सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्याकडच्या साहेबांच्या आणि नवरदेवांच्या सफारी सुटावर आले, पेन आणि सुपारीची पुडी ठेवायला.

मारात आता सगळं रेडिओवर आणि फोनवर चालतं. एका ड्रायव्हरला झुडपात बिबट्या दिसला की स्वाहिलीत ‘चुई’ हा शब्द फुटतो आणि दहा मिनिटांत तिथे गाड्यांचं रिंगण. जुलै ते ऑक्टोबरात विल्डबीस्ट मारा नदी ओलांडतात तेव्हा काठावर गाड्यांची भिंत उभी राहते, आणि कळपांना पाण्यात उतरायची वाटही सापडत नाही. कळपांची ही गर्दी तरी जुनी म्हणावी, तर तीही नाही. गुरांना लस टोचून बुळकांड्या हटवला, त्यानंतर १९६०-७० च्या दशकांत विल्डबीस्ट काही लाखांवरून तेरा लाखांच्या घरात गेले.

राखीव क्षेत्राच्या कडेला गेल्या वीस वर्षांत वेगळा प्रयोग चालू आहे. मसाईंच्या नावावर असलेल्या जमिनी एकत्र करून त्या कॅम्पवाल्यांना भाड्यानं द्यायच्या. ओलारे ओरोक हे असं क्षेत्र २००६ मध्ये सुरू झालं. भाडं एकरी हिशेबानं थेट जमीनमालकाच्या खात्यात, आणि एका जनावराभोवती किती गाड्या थांबाव्यात याला मर्यादा. तक्रारी आहेतच: सातबारा पुरुषांच्या नावे, त्यामुळे बायकांच्या हाती पैसा येत नाही, दुष्काळात गुरं आत न्यायची की नाही यावरून दरवर्षी वाद. तरी प्राणी बघण्याचं मोल त्या जमिनीच्या धन्याला मिळावं हा विचार इथे गंभीरपणे आला. २०२० मध्ये विमानं थांबली, पाहुणे आले नाहीत आणि अनेक ठिकाणी भाडं कापून द्यावं लागलं.

आणि बंदूक सगळीकडून गेलेली नाही. टांझानियात परवान्यानं शिकार आजही चालते. सेरेंगेटीला लागून असलेल्या लोलिओंडोत १९९२ पासून आखाती राजघराण्याशी जवळीक असलेल्या कंपनीला शिकारीचा हक्क आहे. जून २०२२ मध्ये सरकारनं तिथली १,५०० चौरस किलोमीटर जमीन राखीव ठरवून खांब रोवले. मसाईंनी विरोध केला, गोळीबार झाला, एक पोलीस मारला गेला, शेकडो माणसं सीमा ओलांडून केनियात गेली. जमिनीवरचा त्यांचा जुना दावा पूर्व आफ्रिकी न्यायालयानं त्याच वर्षी सप्टेंबरात फेटाळला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला आणि खटला पुन्हा चालवायचा आदेश निघाला.